कामाचे फोन आणि मेसेज: मोबाइल आटोक्यात कसा आणायचा

घरचा आणि कामाचा नंबर एकच असेल, तर बाकी कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी नंबर वेगळे करा. नवा फोन लागत नाही, दोन सिमचा साधा हँडसेट पुरतो. गिऱ्हाइकांकडे पोचलेला जुना नंबर कामाला ठेवा आणि नवा घरच्यांना द्या. उलटं केलंत तर इंदूरच्या सियागंजापासून देवासपर्यंत सगळ्यांना नवा नंबर कळवत बसाल, आणि तरीही लोक जुन्यावरच फोन लावतील.

दुकानात अजून ०७३१ ची लँडलाइन असेल, तर व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, त्या नंबरवरही चालतं. नोंदणी करताना लँडलाइनवर मेसेज येणार नाही हे उघड आहे. थोडं थांबून कॉलने कोड मागवायचा पर्याय निवडा, रिसीव्हर उचला, कोड ऐकून टाका. मोबाइल नंबर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी राहत नाही. बिझनेसवर टाकला की साध्यावरून जातो, म्हणून आधी चॅटचा बॅकअप घ्या.

दोन सिमची अडचण

‘तुमचा फोन लागतच नव्हता,’ ही तक्रार नेटवर्कमुळेच असते असं नाही. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम बंद पडल्यासारखं होतं. तुम्ही घरच्या सिमवर बोलत असता आणि गिऱ्हाइकाला मात्र ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. यावर उपाय असा:

१. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कामाचं सिम निवडा आणि कॉल फॉरवर्डिंग उघडा.
२. तिथल्या चार पर्यायांपैकी फक्त ‘संपर्क होत नसेल तेव्हा’ हा चालू करून त्यात घरचा नंबर टाका. ‘नेहमी’ला हात लावू नका, नाहीतर कामाचं सिम कधीच वाजणार नाही.
३. दोन्ही सिमवर कॉल वेटिंग चालू करा.
४. घरच्या सिमवर कुणाशी तरी बोलत राहा आणि तिसऱ्या फोनवरून कामाचा नंबर लावून बघा. कानात टुकटुक आलं, म्हणजे जमलं.

हे सेटिंगमधूनच करा. कोड डायल करून फॉरवर्ड करण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं, कारण ठग तिचाच वापर करत होते. कुरियरवाला किंवा बँकवाला म्हणून फोन येतो, ‘हा नंबर डायल करा’ म्हणतात, आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात. मग कॉलवर येणारा ओटीपीही त्यांनाच ऐकू जातो. असा संशय आला तर ##००२# डायल करा, सगळी फॉरवर्डिंग रद्द होते. त्यात तुम्ही स्वतः लावलेलीही जाते, तेव्हा वरची पायरी पुन्हा करावी लागेल.

नाव सेव्ह करताना

आधी गाव किंवा भाग, मग धंदा, मग माणूस. ‘देवास किराणा बस स्टँड’ असं नाव असेल तर फोन वाजताच काम कळतं, आणि शोधात ‘देवास’ टाकलं की तिथले सगळे एका खाली एक येतात. नंबर सिमवर ठेवू नका, गूगल खात्यावर ठेवा. फोन हरवला किंवा बदलला तरी यादी राहते.

मेसेजची शिस्त

बिझनेस ॲपमधली लेबलं खरी कामाची. वीसपर्यंत करता येतात, पण चार पुरतात: नवी ऑर्डर, पैसे बाकी, माल निघाला, तक्रार. दुकान बंद करताना ‘पैसे बाकी’ एकदा उघडायचं, बस.

झटपट उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात आणि / टाइप केलं की यादी समोर येते. त्यात पत्ता, यूपीआय, डिलिव्हरीचे दिवस, परतीच्या अटी ठेवा. भाव ठेवू नका. ‘भिया, पोहे का क्या भाव है?’ असं कुणी विचारलं की घाईत गेल्या आठवड्याचा भाव निघून जातो, आणि मग तोच द्यावा लागतो. उत्तरं हिंदी आणि मराठी दोन्हींत करून ठेवा, इंदुरात दोन्ही लागतात.

फोनवर ठरलेला प्रत्येक सौदा फोन ठेवताच लिहून पाठवा: ‘पोहे जाड १ कट्टा, साबुदाणा २ कट्टे, शनिवारी ११ पर्यंत राजेंद्रनगर, पैसे माल मिळाल्यावर.’ समोरच्याने ‘हो’ लिहिलं की मेसेजला स्टार द्या. भांडणं बहुतेक भाव आणि मालाच्या मापावरूनच होतात, आणि तोंडी बोलणं कुणालाच नीट आठवत नाही. पैशाचा स्क्रीनशॉट आला तरी खात्यात जमा झाल्याचं बघूनच माल सोडा. खोटे स्क्रीनशॉट बनवणं अवघड नाही.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. दिवाळीच्या फराळाची यादी पाठवून उत्तर आलं नाही, तर आधी हे तपासा.

रात्र आणि सुट्टी

सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री उशिरापर्यंत गर्दी असते म्हणून तुमचंही दुकान उघडं आहे, असं लोकांना वाटू देऊ नका. प्रोफाइलमध्ये कामाच्या वेळा भरा आणि ‘आत्ता उपलब्ध नाही’चा मेसेज त्या वेळांबाहेर जाईल असा लावा. पण रात्री डेटा बंद केलात तर तो जाणारच नाही, त्याला फोनवर इंटरनेट चालू लागतं.

सोबत ‘डू नॉट डिस्टर्ब’ची वेळ लावा. अपवादात घरचे आणि फार तर दोन-तीन कामाचे नंबर. अँड्रॉइडवर ‘पुन्हा कॉल करणारे’ चालू ठेवलं की १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. खरी निकड असलेला माणूस दुसऱ्यांदा लावतोच. धंद्याचे ग्रुप कायमचे म्यूट करा, काही बिघडत नाही.

मेसेज उशिरा, ॲप उघडल्यावरच दिसत असतील, तर दोष बहुतेक बॅटरी बचतीचा असतो. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढा, आणि ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर तोही चालू करा.

दुकानातल्या मुलाला मेसेज बघायला हवे असतील, तर फोन देण्यापेक्षा जोडलेलं डिव्हाइस (लिंक्ड डिव्हाइस, म्हणजे दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडलेलं तुमचंच व्हॉट्सॲप) द्या. साध्या खात्यात चार जोडता येतात, आणि मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप निघतात. मुलगा काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं डिव्हाइस यादीतून काढा.