जोसेफ ब्लॅक यांचा बर्फाचा प्रयोग स्वतः कसा करावा

जोसेफ ब्लॅक (१७२८–१७९९) हे नाव प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या शोधाशी जोडले जाते. परंतु या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाची विचारपद्धती समजून घ्यायची असेल, तर ग्लासगो विद्यापीठात असताना त्यांनी केलेला बर्फ वितळण्याचा प्रयोग हाताने करून पाहावा. त्याला दोन सारखी भांडी, तापमापी, घड्याळ आणि धीर एवढेच लागते.

प्लास्टिकच्या दोन भांड्यांत प्रत्येकी १५० ग्रॅम पाणी घ्यावे. काच गोठताना तडकते, म्हणून ती टाळावी. एका भांड्यातील पाणी पूर्ण गोठवावे आणि दुसऱ्यातील १ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे. बर्फ बाहेर काढल्यावर तो नुकताच वितळू लागेपर्यंत थांबावे आणि मगच वेळ मोजू लागावे. ही घाई सर्वांत महागात पडते, कारण शून्याखालचा बर्फ शून्यावर येण्यास लागणारी उष्णताही मग हिशेबात शिरते. दोन्ही भांडी पंखा बंद असलेल्या खोलीत, एकमेकांपासून दूर ठेवावीत.

पाणी १ वरून ५ अंशांवर येण्यास लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. दुसऱ्या भांड्यातील बर्फ संपूर्ण वितळून ते पाणी ५ अंशांवर येण्यास कित्येक तास लागतील. या काळात पाणी हलवून तापमान पाहत राहावे: खोलीतून उष्णता सतत येत असते, तरी बर्फ शिल्लक असेपर्यंत पारा शून्याजवळून हलत नाही. ही न दिसणारी उष्णता म्हणजेच अप्रकट उष्मा, आणि ती मोजता येते हे ओळखणे ही माझ्या मते ब्लॅक यांची सर्वांत मोठी झेप होय.

त्यांच्या प्रयोगात पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापले. बर्फाला तेच तापमान गाठायला साडेदहा तास, म्हणजे २१ पट वेळ लागला. २१ गुणिले ७ म्हणजे १४७; त्यातून वितळलेले पाणी तापण्याचे ८ अंश (बर्फ पाण्याहून एक अंश खालून सुरू झाला होता) वजा करून त्यांनी १३९ ते १४० अंश फॅरनहाइट हे उत्तर काढले, म्हणजे बर्फ वितळवणारी उष्णता तेवढ्याच पाण्याला इतके अंश तापवू शकते. आजचे मूल्य १४४, म्हणजे ८० अंश सेल्सिअस आहे.

आपल्या प्रयोगात बर्फाच्या मिनिटांना पाण्याच्या मिनिटांनी भागून ४ ने गुणावे आणि ५ वजा करावेत. उत्तर सत्तरच्या आसपास आले तरी निराश होऊ नये. पाणी तापत जाते तशी त्यात येणारी उष्णता मंदावते, तर शून्यावरचा बर्फ ती अधिक वेगाने घेत राहतो.