डोळ्यातलं स्टेरॉइड: या चुका टाळा

डोळ्यात स्टेरॉइडची कांडी (इम्प्लांट) बसवायची म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शुगर वाढेल का जी?" नागपूरच्या धंतोलीत डोळ्यांच्या पेशंटना समजावून सांगायचं काम करते, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे: सहसा नाही. डेक्सामेथासोनच्या त्या कांडीत औषध असतं 0.7 मिलिग्रॅम, तेही सहा महिन्यांपर्यंत थोडंथोडं सुटणारं. म्हणजे अख्ख्या कांडीचा जोर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या 5 मिलिग्रॅमच्या एका गोळीएवढाही नाही. बहुतेकांच्या रक्तात ते मोजण्याइतकंही सापडत नाही.

पण कांडीत औषध इतकं कमी, हे न कळल्यानंच सगळ्यात वाईट चूक होते. "आता डोळ्यात स्टेरॉइड टाकलं ना, मग गोळ्या कायले?" काटोलकडचे एक काकाजी, डोळ्याच्या आतल्या सुजेसाठी कित्येक महिने प्रेडनिसोलोन घेत होते. कांडी बसली आणि त्यांनी आपल्या मनानं गोळ्या बंद केल्या. मे महिना. अंगात त्राण नाही, उलट्या, उभं राहिलं की अंधारी. घरच्यांनी ठरवून टाकलं, ऊन लागलं. पन्हं झालं, खिशात कांदा झाला, गावात दोन सलाईनही झाल्या. शेवटी फिजिशियननी बीपी पाहिलं आणि विचारलं, आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या? तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं आपलं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी अचानक थांबली की शरीर उघड्यावर पडतं, आणि कांडीतलं चिमूटभर औषध तिथवर पुरत नाही. डोस डॉक्टरांनी उतरवायचा, हळूहळू. मी आता फाइलवर लाल पेनानं "गोळ्या चालूच" लिहिते आणि पेशंटकडून ते मोठ्यानं म्हणवून घेते. काहींना राग येतो. येऊ द्या.

कांडीला घाबरणारेच स्टेरॉइडचे थेंब मात्र पाण्यासारखे ओततात. पापणीत जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि थेंब त्याहून मोठा. उरलेलं नाकात उतरतं, तिथून थेट रक्तात. घशाला कडू लागतं ते हेच. एकच थेंब टाका, डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दोन मिनिटं थांबायचा धीर नसलेल्यांना काय सांगणार?

उन्हाळ्यात डोळे खाजवणाऱ्या पोराला मागच्या वर्षीची बाटली परस्पर टाकू नका. लहान अंगाला तेवढाच थेंब जास्त पडतो.

कांडीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासायला या. दुखत नाही म्हणून टाळू नका, वाढलेलं प्रेशर बहुधा दुखत नाहीच.

डोळ्याच्या मागे देतात ते 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोनचं (हेही स्टेरॉइडच) इंजेक्शन वेगळं. तिथे डायबेटिसवाल्यांनी काही दिवस शुगर तपासावीच.

आणि एचआयव्हीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर शरीरातून स्टेरॉइडचा निचरा मंदावतो, मग नुसत्या थेंबांचंही अंगात साचू शकतं.