‘रेलेव्हंट’ला मराठीत काय लिहावं?

अनुवाद तपासताना माझी पेन्सिल सर्वांत जास्त वेळा ‘प्रासंगिक’पाशी थांबते. ‘रेलेव्हंट’ दिसलं की ‘प्रासंगिक’ लिहायचं, हे हिंदीच्या शेजाराने आपल्या अंगवळणी पडलंय. ‘बाबासाहेबांचे विचार आजही प्रासंगिक आहेत’ हे वाक्य दर 14 एप्रिलला कुठल्या ना कुठल्या पत्रकात भेटतंच. पण मराठीत प्रासंगिक म्हणजे प्रसंगापुरतं. लग्नाच्या वऱ्हाडासाठी अख्खी एसटी ठरवली तर आगारात त्याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. वऱ्हाड परत आलं की करार संपला. ज्या विचारांची गरज अजून संपलेली नाही असं सांगायचंय, त्यांनाच हा शब्द प्रसंगापुरतं करून टाकतो. मी तिथे ‘आजही तितकेच लागू पडतात’ असं करते. ‘कालसुसंगत’ही चालतो, पण तो मला नियम, अभ्यासक्रम, कायदे यांच्याजवळ जास्त शोभतो.

म्हणून शब्द निवडण्याआधी एवढंच विचारायचं: ही गोष्ट कशाशी जुळते आहे? चालू विषयाशी, काळाशी, की समोरच्या कामाशी? उत्तर सापडत नसेल तर वाक्य नकारार्थी करून बघा. नकारात मराठी फार नेमकी बोलते.

सोसायटीची सभा घ्या. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय चालू आहे आणि कुणीतरी पार्किंगचं काढलं. तो मुद्दा खरा असेल, महत्त्वाचाही असेल, पण आत्ता अप्रस्तुत आहे. दुसरे म्हणाले, ‘भाडेकरूंसाठी केलेला नियम इथे लावा.’ टाकी तर सगळ्यांचीच, तेव्हा तो नियम गैरलागू. तिसऱ्यांच्या बोलण्यात एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळच नाही, ते असंबद्ध. पार्किंगवाल्या काकांना ‘तुमचं बोलणं असंबद्ध आहे’ म्हणालात तर त्यांना राग येईल, आणि तो रास्त असेल. इतिवृत्त लिहिणाऱ्याने हे तीन शब्द तरी एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

कायद्याच्या मराठीत मात्र ‘संबद्ध’ला स्वतंत्र मान आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याच्या मराठी पाठात ‘संबद्ध तथ्य’ असा शब्द येतो. तो परिभाषेचा शब्द आहे, तिथे हात लावायचा नाही.

‘प्रस्तुत’ जपून वापरा. ‘प्रस्तुत लेखिका’, ‘प्रस्तुत प्रकरण’ यांत त्याचा अर्थ ‘ही’, ‘समोरचं’ एवढाच होतो. त्यामुळे ‘प्रस्तुत माहिती’ म्हटलं की ही माहिती की उपयोगी माहिती, असा घोळ होतो. ‘अप्रस्तुत’ मात्र स्वच्छ आहे. अलंकारशास्त्रातल्या अप्रस्तुतप्रशंसेत वर्णन कावळ्या-कोकिळेचं असतं आणि रोख माणसावर, म्हणजे जे चालू विषयाचं नाही तेच मुद्दाम पुढे केलेलं असतं. आणि अहवाल ‘प्रस्तुत’ करू नका हो, ‘सादर’ करा!

‘समर्पक’ माझा आवडता. उत्तर समर्पक असतं, उदाहरण समर्पक असतं, शीर्षक समर्पक असतं. नुसतं विषयाला धरून असणं त्याला पुरत नाही, ते नेमकं बसावं लागतं. परीक्षेत विषयाला धरून दोन पानं लिहिता येतात, समर्पक उत्तर चार ओळींचं असू शकतं. म्हणून हा शब्द कौतुकाच्या जागी ठेवावा.

आता अर्ज, जाहिराती, सूचनाफलक. इथे ‘संबंधित’चा सुळसुळाट आहे. ‘संबंधित अधिकारी’ ठीक, कारण कोणता अधिकारी ते कामावरून कळतं. पण ‘संबंधित कागदपत्रे जोडावीत’ वाचून खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी काय जोडायचं? मी अनुवादकाला फोन करून विचारते, नक्की कोणती कागदपत्रं हवीत? मग वाक्य होतं: ‘सातबारा उतारा आणि आधार कार्डाची प्रत जोडावी.’ नोकरीच्या जाहिरातीतल्या ‘संबंधित अनुभव आवश्यक’चंही तेच. शिवणकामाची जागा असेल तर ‘शिवणकामाचा अनुभव हवा’ लिहावं. अशा ठिकाणी ‘रेलेव्हंट’साठी शब्द शोधत बसू नये, ज्याच्याशी संबंध आहे त्याचं नाव लिहावं.