इमारत नसलेली मंडळी: सोलापुरातल्या घरांत ती कशी चालवावी

चर्चची इमारत बरीच कामं न बोलता करत असते. उपासनेची वेळ ठरलेली, चपला काढायची जागा ठरलेली, प्रभुभोजनाचे (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचे) पेले कपाटात, बाप्तिस्म्याची नोंदवही कुलपात, आणि कुणी वारलं तर माती कुठं द्यायची तेही ठरलेलं. मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारा ख्रिस्ती समुदाय, घरात भरू लागली की यातलं एकेक काम कुणाच्या तरी नावावर लावावं लागतं. नाही लावलं तर सगळा भार त्या घरच्या बाईवर येतो आणि वर्ष सरायच्या आत ती थकते. घरातली मंडळी मोडते ती बहुतेक वेळा इथंच. भक्ती आटली म्हणून मोडलेली क्वचितच.

पद्धत जुनीच आहे. प्रिस्किल्ला-अक्विला, फिलेमोन यांच्या घरी मंडळी जमत असे, हे बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत आहे. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस इथं तिसऱ्या शतकातलं एक साधं घर उत्खननात सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून बैठक मोठी केलेली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद.

आपल्याला भिंत पाडता येणार नाही, म्हणून आधी खोली मोजा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला सहा ते सात चौरस फूट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीतून कपाट, पलंग आणि दाराची वाट वजा केली की नव्वदेक चौरस फूट उरतात, म्हणजे तेरा-चौदा माणसं. विडी कामगारांच्या घरकुलातल्या किंवा जुन्या चाळीतल्या खोलीत वीस माणसं कोंबता येतात, पण वयस्कर माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीकडेला ठेवा. मध्ये ठेवल्या तर मागच्यांना काही दिसत नाही. खिडकीच्या कठड्यावर कुणाला बसवू नका. त्रोवस गावात पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता.

वेळ ठरवताना घड्याळाआधी ऊन बघा. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत पत्र्याचं घर रात्री नऊपर्यंत तापलेलं असतं, तेव्हा या दिवसांत उपासना सकाळी साडेसातला घ्या. गच्ची असेल तर सूर्य मावळल्यावर तासाभराने, आधी दोन बादल्या पाणी मारून. त्या भागात नळाला पाणी कधी येतं तेही विचारून ठेवा. पाण्याच्या वेळी सभा ठेवली तर निम्म्या बायका घागरीपाशी आणि उरलेल्यांचं लक्ष तिकडेच. रेल्वेत ड्युटी करणारे आणि पाळीने कामावर जाणारे सगळे एका वेळी कधीच सापडत नाहीत. त्यांच्यासाठी बुधवारी अर्ध्या तासाची प्रार्थना ठेवा, मात्र रविवार हलवू नका. वेळ दर आठवड्याला बदलणाऱ्या सभेला कुणी येत नाही.

घर दर रविवारी बदलावं का? नको. आठवड्याला घर बदललं की कुणाकडे पोहे, कुणाकडे शिरा अशी चढाओढ लागते आणि ज्याच्याकडे चहापुरतंच दूध आहे तो आपली पाळी टाळतो. पौलाच्या काळात करिंथच्या मंडळीतही जेवणावरूनच बिघडलं होतं: कुणी पोटभर खाई, कुणी उपाशी राही. एकच घर तीन महिने धरा, मग बदला. चहा आणि बिस्किटं, एवढंच. जेवण असेल तेव्हा प्रत्येकाने आपली भाकरी आणि शेंगाचटणी आणावी, आमटी मंडळीच्या पैशांतून. ज्याचं घर त्यानेच उपासना चालवायची, असंही करू नका. घर, उपदेश आणि पैसा हे तिन्ही एका हाती गेले की मंडळी त्या कुटुंबाची खासगी मालमत्ता होते.

शेजाऱ्यांशी आधी बोला. भाड्याचं घर असेल तर मालकाला सांगा, लपवाछपवी नको. तक्रार होते ती प्रार्थनेची कमी आणि जिन्यातल्या चपलांची, बोळात आडव्या लावलेल्या गाड्यांची जास्त. दाराशी रिकामं पोतं ठेवा आणि चपला त्यात घाला. गाड्या चौकात लावून पायी या. माईक आणि स्पीकर चौदा माणसांना लागतच नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर तर लाऊडस्पीकर बंदच.

वाद्यांत पेटी, ढोलकी आणि झांजेची एक जोडी पुरे. पट्टी काळी दोनपासून धरून पाहा आणि बायकांना खाली किंवा पुरुषांना वर ताण पडला तर बदला. पेटीवाला स्वतःच्या गळ्यापुरती पट्टी धरतो आणि निम्मी खोली गप्प बसते, हे फार चालतं. अभंग आणि ओव्या घरात जास्त खुलतात, कारण एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, पुस्तक लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तोही असाच इमारतीवाचून चालायचा होता.

सोलापुरात एका खोलीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे एकत्र बसतात. उपदेशाच्या वाक्यावाक्याचं भाषांतर करत बसू नका. वेळ दुप्पट लागतो आणि लहान मुलं आधी उठतात. शास्त्रपाठ दोन भाषांत वाचा, उपदेश मराठीत पंधरा मिनिटं, मग वीस मिनिटं प्रश्न आणि चर्चा. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत करावी. सगळं मिळून सव्वा तास. प्रार्थनेच्या विषयांत फायनान्सचे थकलेले हप्ते येतात, नवऱ्याची दारू येते. ते नावानिशी व्हॉट्सॲपवर टाकू नका. बाई एकदा दुखावली की परत येत नाही.

सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत राहिलं पाहिजे, म्हणजे घर बदललं तरी मंडळी बदलत नाही. तिच्यात दोन-तीन भाषांतली पवित्र शास्त्रं, गीतांच्या वह्या, एक पांढरं कापड, स्टीलचे पंचवीस लहान पेले, ताटली, सभासदांची आणि बाप्तिस्म्याची नोंदवही, हिशोबाची वही. पेटी ज्याच्या घरी, किल्ली त्याच्याकडे नको.

प्रभुभोजनाला कडक भाकरी वापरू नका. मोडताना चुरा सतरंजीवर सांडतो, मुंग्या येतात आणि लोकांना अवघडल्यासारखं होतं. ज्वारीत चिकटा नसतो, त्यामुळे मऊ भाकरीही दोन तासांत तुटायला लागते. गव्हाचा जाडसर फुलका घ्या, मीठ-तेल न घालता, सकाळी भाजून कापडात गुंडाळलेला. एकातून बारा-पंधरा तुकडे नीट निघतात. रसासाठी पाव किलो बेदाणे. ते वाळवण्याआधी द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवलेली असतात, म्हणून कोमट पाण्याने तीनदा धुवा. अर्धा लिटर उकळतं पाणी ओतून रात्रभर झाका, सकाळी कुसकरून कापडातून गाळा, पाच मिनिटं उकळून गार करा. वीस-पंचवीस पेल्यांना पुरतो. रंग हवा असेल तर मूठभर काळ्या मनुका टाका. मे महिन्यात बाहेर ठेवलात तर दुपारपर्यंत आंबायला लागतो. भोजन कुणाच्या हातून द्यायचं हे प्रत्येक संप्रदायाचं वेगळं असतं. आपण ज्यांच्याशी जोडलेले आहोत त्या पाळकांना विचारूनच ठरवा.

बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर शेततळ्यात कधीही नाही. प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, उतार तीव्र असतो आणि पोहणारालाही वर येता येत नाही. भीमेचं पाणी उजनीतून सोडलं की बघता बघता चढतं. सिमेंटचा हौद बरा: सहा फूट लांब, तीन रुंद, अडीच खोल. तो काठोकाठ भरायला सुमारे तेराशे लिटर लागतात. पण माणूस त्यात बसून मागे झुकतो, म्हणून दीड-दोन फूट पाणी पुरतं. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावं, ही सोय पहिल्या शतकांतल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमांच्या पुस्तकातच लिहिलेली आहे.

अर्पण दोघांनी मोजायचं, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. रक्कम लगेच वहीत, दोघांची सही, महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोठ्याने वाचन. मंडळीचे पैसे कुणाच्या खासगी खात्यात साठवू नका, हेतू चांगला असला तरी. मंडळीच्या नावाने खातं किंवा जागा घ्यायची वेळ आली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाची नोंदणी करा. घरात बसून प्रार्थना करायला ती लागत नाही.

लग्न आणि माती या दोन गोष्टी घरच्या मंडळीला एकटीने जमत नाहीत. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ प्रमाणे लग्न लावायचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: दीक्षित धर्मगुरू, परवानाधारक सेवक किंवा विवाह निबंधक. घरच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद दिला म्हणजे नोंद होत नाही आणि ते पासपोर्टच्या वेळी कळतं. दफनभूमी बहुधा जुन्या मंडळ्यांच्या ताब्यात असते आणि आधी विचारतात ते सभासदत्व. प्रेत घरात असताना ही बोलणी करायची वेळ येऊ देऊ नका. पहिल्या वर्षातच शहरातल्या एखाद्या स्थापित मंडळीच्या पाळकांना भेटा, सभासदांची यादी द्या, दफनाची परवानगी कुणाकडून आणि किती शुल्कात मिळते ते लेखी घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत पेटीत ठेवा.

माणसं नेमाने खोलीत मावेनाशी झाली की दोन घरं करा. भांडण होऊन फुटायच्या आधी, ठरवून. दोन-तीन कुटुंबं, एक उपदेश करू शकणारा आणि एक गाऊ शकणारा असा गट बाहेर काढा. नुसते तरुण काढले तर जुन्या घरात पेटी वाजवायला कुणी उरत नाही. पेल्यांचा आणि वह्यांचा दुसरा संच आधी तयार करा. महिन्यातून एकदा दोन्ही घरांनी शाळेच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या गच्चीवर एकत्र बसायचं. फक्त जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडून तारीख घ्या. रस्ते वळवलेले असतात आणि रिक्षा मिळत नाही.