पिक्सेल कसा रंगवायचा: 63 ठिपक्यांचा राजवाडा

इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. पिक्सेल रंगवायला शिकायचं तर मला याहून सोयीचं चित्र सापडलं नाही. सुट्टीत रामबागेत आलेल्या भाचीलाही मी हेच करायला बसवलं. ब्राउझर आणि नोटपॅड एवढंच लागतं.

एचटीएमएल फाइलमध्ये कॅन्व्हस टॅग, म्हणजे पानावरची चित्र काढायची जागा, टाका. रुंदी 9, उंची 7, आणि हे आकडे टॅगमध्येच लिहा. नुसत्या सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी) आकार दिलात तर आतला कागद 300 बाय 150 चाच राहतो. चित्र मोठं दिसावं म्हणून मात्र सीएसएसमध्ये रुंदी 450 पिक्सेल द्या आणि इमेज-रेंडरिंगला 'पिक्सेलेटेड' लिहा, नाहीतर कडा फिसकटतात.

आता जावास्क्रिप्ट. कॅन्व्हसकडून टू-डी कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्यावर चित्र काढायचं साधन, घ्या आणि त्यावर 'क्रिएटइमेजडेटा' चालवा, 9 आणि 7 देऊन. स्पेलिंगमधले आय आणि डी कॅपिटल हवेत. हाती येतो एक इमेजडेटा ऑब्जेक्ट, आणि त्याच्या 'डेटा'मध्ये असते 252 शून्यांची सलग यादी: 63 पिक्सेल, प्रत्येकाचे चार आकडे. लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता, सगळे 0 ते 255. तुम्ही 300 लिहिलंत तरी 255 च धरलं जातं.

खरी गोम पुढे आहे. या यादीला ओळी नाहीत, त्या आपणच मोजायच्या, तेही शून्यापासून. ओळ गुणिले 9, अधिक रकाना, आणि आलेल्या उत्तराची चौपट. दरवाज्याचा तळ ओळ 6, रकाना 4 मध्ये आहे: 54 अधिक 4 म्हणजे 58, चौपट 232. मग 232, 233, 234 या जागी 0 ठेवा, झाला काळा. पण 235 व्या जागी 255 घातलं नाहीत तर तो काळा दिसणारच नाही. कोड बिनतक्रार चालतो आणि पान कोरं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

भिंतींसाठी एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड), एक ओळींचं, एक रकान्यांचं. ओळ 4 पेक्षा लहान असेल तर लाकडी रंग (101, 67, 33), नाहीतर दगडी (190, 170, 140), चौथा आकडा सगळीकडे 255. दरवाजा लूपनंतर, नाहीतर लूप त्यालाही लिंपून टाकतं.

भाचीचा पहिला राजवाडा उलटा उभा राहिला, दगड वर, लाकूड खाली! शाळेच्या आलेखात वाय वर चढतो, स्क्रीनवर तो खाली उतरतो.

शेवटी 'पुटइमेजडेटा', नुसती यादी नव्हे तर तो अख्खा इमेजडेटा ऑब्जेक्ट आणि 0, 0 देऊन. तोवरचं सगळं नुसतं मेमरीत असतं. लूपच्या बाहेर, एकदाच.

खरा फोटो रंगवायचा असेल तर तो आधी कॅन्व्हसवर काढा, 'गेटइमेजडेटा'ने यादी मिळवा आणि सूत्रात 9 च्या जागी फोटोची रुंदी घाला. फाइल डबल-क्लिकने उघडली असेल तर ब्राउझर सुरक्षेचं कारण देऊन यादी देत नाही. पान लोकल सर्व्हरवरून, म्हणजे आपल्याच संगणकावर चालणाऱ्या छोट्या वेब सर्व्हरवरून, उघडा.