गेमिंग कॉम्प्युटर की कन्सोल? आधी घरची लाइट पाहा

दुकानात जाण्याआधी एक मल्टिमीटर आणा, नाहीतर ओळखीच्या वायरमनला तो घेऊन घरी बोलवा. खेड्यातल्या घरात कॉम्प्युटर घ्यावा की कन्सोल (टीव्हीला जोडायचं, फक्त खेळांसाठीचं यंत्र, जसं प्लेस्टेशन), हे खेळांच्या यादीवरून ठरवू नका. बोर्डातली लाइट, मे महिन्यातली खोली आणि महिन्याचा डेटा यांवरून ठरवा. चौथा प्रश्न बहुतेक जण घेताना विचारतच नाहीत, आणि दहा वर्षांच्या हिशोबात तोच सगळ्यात महाग पडतो: एक भाग जळाला, तर उरलेलं यंत्र कामाचं राहतं का?

बोर्डात काय येतं ते मोजा

ज्या बोर्डावर यंत्र लावायचं, तिथंच मोजायचं. मीटर एसी ७५० वर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आकडा यायला हवा. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. फेज-अर्थिंगला शून्य किंवा ऐंशी-शंभरचा अधलामधला आकडा आला, तर तिसऱ्या पिनमागे वायरच नाही किंवा अर्थिंग मेलेलं आहे. अशा घरात कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) फिल्टर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून तो हातातून जातो. उघड्या बोर्डात मोजायची सवय नसेल तर हे काम वायरमनलाच करू द्या.

काळ्या मातीत अर्थिंगचा एक खास घोळ आहे. पावसाळ्यात ते उत्तम चालतं, आणि एप्रिलमध्ये जमीन भेगाळली की माती पाइपाला सोडते. आठ फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, एवढं पक्कं केलेलं असलं तरी उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतावंच लागतं.

मोजणी दोन वेळा करा: दुपारी एकदा आणि संध्याकाळी सात-आठला एकदा. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत जिथं मोटारी आणि गाव एकाच डीपीवर आहेत, तिथं घरात १७०-१८० व्होल्टही येतात. चांगल्या एसएमपीएसला याचं फार वाटत नाही, कारण तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो. स्वस्तातला ‘लोकल’ एसएमपीएस बहुधा फक्त २००-२४० चा असतो. त्याच्या पाठीला लाल रंगाचा छोटा स्विच असेल, २३० आणि ११५ असं लिहिलेला, तर त्याला हात लावू नका. लाइट कमी आहे म्हणून तो ११५ वर केला की क्षणात स्फोट होतो. कन्सोल घेताना मागच्या लेबलवर इनपुटचा आकडा वाचून घ्या.

कमी व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज घातक. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ३००-४०० व्होल्ट शिरतात, आणि साधा फ्यूज ते थांबवत नाही. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, वरची मर्यादा २७० आणि खालची १७० ठेवा. टीव्ही, फ्रिज, सगळंच वाचेल. कॉम्प्युटर घ्या की कन्सोल, हा खर्च आधी करा.

मृगाच्या विजांमध्ये नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा, आणि डिशची वायरही काढायची. वीज जवळ पडली तर झटका छतावरच्या डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयच्या वायरीने थेट खेळाच्या यंत्रात येतो. इथंच कॉम्प्युटर आणि कन्सोल यांतला खरा फरक दिसतो. कन्सोलचं एचडीएमआय पोर्ट आणि त्यामागची चिप मुख्य बोर्डावरच डाग दिलेली असते. ती जळाली की सूक्ष्म सोल्डरिंग करणारा कारागीर शोधावा लागतो, आणि तो तालुक्याला क्वचितच सापडतो. कॉम्प्युटरमध्ये ते पोर्ट ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे खेळाचं चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या बोर्डावर असतं. एक पोर्ट गेलं तर बहुतेक वेळा शेजारच्या डिस्प्लेपोर्टवर काम चालतं. पूर्ण कार्ड गेलं तर दोन स्क्रू काढून दुसरं बसवता येतं, आणि बाकीचा कॉम्प्युटर शाबूत राहतो. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल, तर तोवर घरातली बाकीची कामंही थांबत नाहीत.

इन्व्हर्टरवर किती वेळ

घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर पंखा घूं घूं करतो, पण चालतो. चांगला एसएमपीएस मात्र कधी कधी सरळ बंद पडतो. दुसरं, इन्व्हर्टरच्या पाठीला यूपीएस मोडचा स्विच असतो, तो चालू ठेवा. त्या मोडमध्ये लाइट गेल्यावर साधारण दहा मिलिसेकंदांत बॅटरी सुरू होते. साध्या मोडमध्ये तीस-चाळीस मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरही रीस्टार्ट होतो, कन्सोलही.

१५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते, हातात येतात हजार-अकराशे. मध्यम कॉम्प्युटर खेळताना मॉनिटरसकट ३०० वॉटच्या आसपास ओढतो. प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट, वर टीव्ही. एक्सबॉक्स सिरीज एस मात्र ८० वॉटच्या आतबाहेर. पंखा धरून कॉम्प्युटरवर अडीच-तीन तास, प्लेस्टेशनवर तीन-साडेतीन, सिरीज एसवर पाच तासांच्या वर. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर यातलं निम्मंच धरा. ज्या गावात रोज चार-पाच तास लाइट जाते, तिथं सिरीज एसचा हा गुण फार मोठा आहे. फक्त तिच्यात डिस्क घालता येत नाही, आणि त्याची किंमत डेटामध्ये मोजावी लागते.

बिलाचंही पाहून घ्या. दिवसाला दोन तास खेळलं तर कॉम्प्युटर महिन्याला १८-२० युनिट खातो, प्लेस्टेशन टीव्हीसकट १५-१७. फरक थोडा आहे, पण घरचं बिल ९० युनिटांवर असेल तर दोन्ही यंत्रं तुम्हाला शंभराच्या पुढच्या महाग टप्प्यात नेतील.

मे महिना आणि कापूस

प्लेस्टेशन ५ साठी कंपनीनेच ५ ते ३५ अंश एवढं तापमान सांगितलं आहे. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं, आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी ४० सहज भरतं. खोली जितकी तापेल, तितकीच आतली चिप तापते. कन्सोल आधी पंखा जोरात फिरवतो, मग इशारा देऊन बंद होतो. तुम्ही त्याला फार काही सांगू शकत नाही. कॉम्प्युटरला सांगता येतं: खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला आणि आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. चित्रात फरक जेमतेम कळतो, उष्णता बरीच उतरते. तरीही मे महिन्यात दुपारी बारा ते सहा दोन्ही यंत्रं बंदच ठेवा.

कूलरचा झोत थेट यंत्रावर नको. नुसत्या ओलसर हवेने बिघडत नाही, बिघडतं ते हवेबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांनी. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विचारायलाच नको. थेंब सुकतो आणि बोर्डावर पांढरा क्षार राहतो. पुढच्या ओलाव्याला तोच तांब्याच्या रेषा खातो. यंत्र कूलरच्या बाजूला, चार-पाच फूट लांब आणि खिडकीपाशी ठेवा; खिडकी उघडी असली तरच कूलरही नीट गार करतो.

कापसाच्या घरात आणखी एक काळजी. वेचणीनंतर खोलीत गंजी लागते, आणि रुईचा तंतू हवेत तरंगत राहतो. तो साध्या धुळीसारखा बसत नाही; हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर नमद्यासारखा थर विणतो, की हवा आत शिरतच नाही. कापूस असलेल्या खोलीत यंत्र ठेवूच नका, आगीचंही भय आहे. दुसऱ्या खोलीत असलं तरी दिवाळी ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी जाळी साफ करा, आणि सोयाबीनची मळणी झाल्यावर एकदा.

कॉम्प्युटरची सफाई अशी: प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, पंख्याची पाती बोटाने धरा आणि मग ब्लोअर मारा. पाती मोकळी सोडली तर भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदला. प्लेस्टेशन ५ ची पांढरी झाकणं हाताने सरकवून निघतात. आत धूळ साठायला दोन छिद्रं दिलेली आहेत, त्यांवर व्हॅक्यूम लावा आणि तिथंच थांबा. त्याच्या चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. अनुभव नसताना उघडलं आणि तो बोर्डावर सांडला तर यंत्र गेलंच. कॉम्प्युटरच्या मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या लावलेल्या ठेवा, कारण पाली गरम जागा शोधत तिथूनच शिरतात.

पैसा आणि डेटा

प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला आणि ५ नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे पिढीचं अंतर सात वर्षं. जुन्या पिढीसाठीही पुढे दोन-तीन वर्षं खेळ निघत राहिले. नवा कन्सोल नऊ-दहा वर्षं खेळवतो, असं धरायला हरकत नाही, पण आज घेणाऱ्याने त्यातली गेलेली वर्षं वजा करावीत. शिवाय जुना झाला म्हणून स्वस्त होतो, असंही नाही: भारतात डिस्कवाला प्लेस्टेशन ५ २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० चा झाला.

तेवढ्याच ताकदीचा कॉम्प्युटर मॉनिटरसकट वीस-पंचवीस हजारांनी जास्त बसतो. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढल्यामुळे तो आकडा आणखी वर गेला आहे, तेव्हा त्या दिवशीचं कोटेशन घेतल्याशिवाय मनात रक्कम धरू नका. कॉम्प्युटर हा फरक हळूहळू भरून काढतो. कन्सोलचा मोठा नवा खेळ पाच हजारांच्या घरात जातो, आणि विकतच्या खेळांत मित्रांसोबत ऑनलाइन खेळायला वेगळं वार्षिक शुल्क. कॉम्प्युटरवर ते शुल्क नाही, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये जुने खेळ काही शे रुपयांत मिळतात, एपिकच्या दुकानात दर आठवड्याला एखादा खेळ फुकट मिळतो. वर फॉर्म भरणं, सीईटीचा सराव, सातबारा काढणं ही कामं आहेतच.

डेटाचा हिशोब कोरडा आहे. १०० जीबीचा खेळ रोजच्या २ जीबीवर उतरवायला ५० दिवस लागतात. ३० एमबीपीएसच्या वायफायवर साडेसात तास. गावात वायफाय किंवा अमर्याद ५जी नसेल, तर डिस्कचा ड्राइव्ह असलेला कन्सोलच घ्या: जुनी डिस्क अर्ध्या किमतीत मिळते, खेळून झाली की विकता येते, आणि बहुतेक खेळांचा मोठा भाग डिस्कवरूनच चढतो. कॉम्प्युटरला वेगळी वाट आहे. नागपूर-अमरावतीला शिकणाऱ्या भावाने तुमच्या खात्यावरचा खेळ होस्टेलच्या वायफायवर उतरवून हार्डडिस्कवर आणावा, ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरात टाकावा आणि घरी इन्स्टॉल दाबावं. स्टीम असलेल्या फाइली तपासतं आणि उरलेलंच उतरवतं. दोन्ही यंत्रांत आपोआप अपडेट बंद ठेवा, नाहीतर सकाळचा डेटा चहा होईपर्यंत संपतो.

मग काय घ्यावं

घरात फक्त खेळच खेळायचा आहे, टीव्ही आहे, आणि स्क्रू उघडणारं कोणी नाही: डिस्कवाला कन्सोल. लाइटचा फार त्रास आणि वायफाय बरं: सिरीज एस. घरात शिकणारी मुलं आहेत आणि अर्थिंग पक्कं करायची तयारी आहे: कॉम्प्युटर, आणि आमचा कौल यालाच, कारण तो एकदम मरत नाही, भागाभागाने बदलत जातो. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ मुख्य बोर्डाचं उदाहरण घ्या: २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसला. गेमिंग लॅपटॉप मात्र विदर्भाच्या उन्हात टाळाच.

कॉम्प्युटर जुळवताना एसएमपीएसवर पैसा वाचवू नका. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरतो. नागपूरच्या सीताबर्डीत दुकानदार कॅबिनेटसोबत ‘फुकट’ एसएमपीएस देऊ करेल, तो घेऊ नका. जुना ऑफिसचा कॉम्प्युटर मिळत असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या आधीचा नको. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, कारण कॉम्प्युटरमध्ये वॉरंटी भागागणिक वेगळी असते आणि ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षं मिळतात. कन्सोलला एकच वर्ष, आणि तो कुरिअरने पाठवायची वेळ येऊ शकते. म्हणून त्याचा खोका आतल्या साच्यासकट माळ्यावर ठेवा, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी.