इंटिरियर डिझायनर नेमताय? या चुका टाळा

‘मॅडम, चावी मिळाली. दसऱ्याला राहायला जायचंय. किती लागेल?’

पहिल्याच फोनवर हे ऐकलं की मला काळजी वाटू लागते. घरात कोण राहणार, स्वयंपाक कोण करणार, पाहुणे किती येतात, यातलं काहीच अजून बोललेलं नसतं. पुण्यात मी वीस वर्षं हे काम करते आहे. बिघडलेल्या घरांमध्ये चुका बहुतेक त्याच त्याच असतात आणि त्यातल्या बऱ्याच काम सुरू व्हायच्या आधीच झालेल्या असतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे नुसता चौरस फुटाचा दर विचारून डिझायनर निवडणं.

काही वर्षांपूर्वी वाकडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. बेडरूमच्या कपाटासाठी मी चौरस फुटाला १६५० रुपये सांगितले, दुसऱ्या एकाने ११५०. कपाट सात फूट रुंद, सात फूट उंच, म्हणजे ४९ चौरस फूट. माझे ८०,८५० होत होते, त्याचे ५६,३५०. कपाटावरचा सामान ठेवायचा माळा मी वेगळा लिहिला होता, १२,६०० रुपये. ‘एका कपाटात एवढा फरक?’ म्हणत ते स्वयंपाकघरासकट सगळं काम घेऊन तिकडे गेले. त्यांची चूक नव्हती, कागदावर तसंच दिसत होतं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, सिंकखालचं कपाट फुगलंय म्हणून. मी जाऊन पाहिलं. दारं प्लायची होती, आतला बॉक्स मात्र पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून, दाबून केलेल्या पाटीचा. त्या बोर्डाला एकदा पाणी लागलं की तो फुगतो आणि सुकला तरी पूर्ववत होत नाही. स्क्रू सुटतात, बिजागरी लोंबते. मग त्यांनी बेडरूमच्या कपाटाचं बिल काढून दाखवलं. माळा वेगळा मोजलेला, १६,१०० रुपये. आतले चार ड्रॉवर चॅनेलसकट, म्हणजे ते ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांसकट, १४,०००. हँडल आणि कुलपं ४,०००. एकूण ९०,४५०. माझं माळ्यासकट, ड्रॉवर आणि हँडल धरून ९३,४५० होतं. तीन हजारांचा फरक, आणि बॉक्स इथेही पार्टिकल बोर्डाचाच. त्या ताई बिल हातात धरून गप्प बसल्या होत्या. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, कारण कोटेशनमध्ये ‘प्लायवूड वॉर्डरोब’ एवढंच लिहिलं होतं आणि त्यांनी विश्वासाने सही केली होती.

म्हणून कोणाचंही कोटेशन आलं की माझी सवय अशी: बॉक्स कशाचा, दार कशाचं, मागची पाटी किती मिलिमीटरची, आत किती ड्रॉवर, बिजागऱ्या आणि चॅनेल कोणत्या कंपनीचे, माळा धरलाय का, हे सगळं लिहून घ्यायचं. प्लाय साइटवर उतरला की प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का बघायचा. ओल्या जागेसाठी मरीन प्लाय सांगितला असेल तर शिक्क्यात आयएस ७१० हवं. दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणाला तरी शिक्का बघाच आणि फोटो काढून ठेवा. एकदा सनमायका चिकटला की आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी चूक मला व्यक्तिशः फार लागते. पैसे देणारा माणूस डिझायनरशी बोलतो, स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणी विचारतच नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात मुलगा आणि सून दोघं नोकरीला, दोन्ही वेळचा स्वयंपाक सासूबाईंकडे. ते काम माझं नव्हतं, मला नंतर दुरुस्तीला बोलावलं. ओटा ३६ इंच उंच होता, फोटोत पाहून ठरवलेला. काकूंची उंची चार फूट अकरा इंच. पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागायचे, म्हणून त्या लाकडी पाटावर उभ्या राहून लाटायच्या आणि वळताना एकदा त्यावरून पडल्या. ग्रॅनाइट बसलेला, खाली ट्रॉल्या बसलेल्या. ओटा खाली आणायचा म्हणजे सगळं तोडायचं. शेवटी खिडकीजवळ पोळ्यांपुरता ३० इंचांचा वेगळा कट्टा करून दिला. काकूंनी त्यावर पहिली पोळी लाटली आणि म्हणाल्या, ‘एवढंच हवं होतं गं.’

मी आता स्वयंपाकघराचं ड्रॉइंग करण्याआधी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला जुन्या ओट्याशी उभं करते. कोपर वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजते आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करते. मग डबे मोजते. सगळ्यात उंच डबा, मोठा कुकर, मोदकपात्र, फराळाचे डबे, पाण्याचं पिंप. यात दीड तास जातो. तुमचा डिझायनर हे करत नसेल तर तुम्ही स्वतः करून यादी त्याच्या हातात द्या.

घाईबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. ‘काम सुरू तर करा, बाकीचं होत राहील’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. दोन बेडरूमच्या घराची ड्रॉइंग नीट व्हायला मला तीन ते चार आठवडे लागतात. कागदावर पलंग दुसऱ्या भिंतीला न्यायला दोन मिनिटं लागतात. वायरिंग झाल्यावर तोच पलंग हलवला की स्विचबोर्ड पाठीमागे दडतो आणि भिंत पुन्हा फोडावी लागते. मुहूर्त गाठायचाच असेल तर वास्तुशांत रिकाम्या घरात करा, छान होते. काम त्या तारखेला बांधू नका.

फुकट थ्रीडी चित्रावर भाळून निर्णय घेऊ नका. त्या चित्रातला उजेड तुमच्या खिडकीतून येईलच असं नाही.

डिझायनरचं जुनं काम बघताना फोटो नको, तीन पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा. ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावायला १९७२च्या कायद्याने काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. ‘इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घ्यायला तशी कायदेशीर नोंदणी लागत नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागते.

फी कशाची आहे ते आधी ठरवा: फक्त ड्रॉइंगची, देखरेखीची, की सगळं काम करून देण्याची. देखरेख असेल तर आठवड्यातून किती भेटी ते लिहून घ्या. डिझायनर दिवसभर साइटवर उभा राहत नाही. १८ टक्के जीएसटी दरात धरलाय की वर, तेही विचारा. दुकानदाराकडून कमिशन घेता का, हेही सरळ विचारा. प्रामाणिक माणूस चिडत नाही.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. शेवटचे दहा टक्के सगळी दारं, ड्रॉवर, नळ स्वतः उघडून बघेपर्यंत हातात ठेवा.

कॉलम किंवा बीमला हात लावायचा नाही, डिझायनर ‘चालतं’ म्हणाला तरी नाही. कोणतीही भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी घ्या. नव्या घराच्या बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती रेरा कायद्यानुसार (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर असते. तुम्ही तोडफोड केली असेल तर तो तिकडेच बोट दाखवतो.

आणि भिंतीतले पाइप, वायरी प्लॅस्टरखाली जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी लावून. मी प्रत्येक घरमालकाला हा अल्बम देते. मागच्याच महिन्यात बारा वर्षांपूर्वीच्या एका घरातून फोन आला. गिझर बदलायचा होता आणि ड्रिल कुठे मारायचं ते त्या फोटोत पाहून ठरवलं.